मधुमालती आणि शेळीवरचा आळ

आत्याबाई, काल आपली मधुमालती छाटली. माघ सरत आलाय, सकाळी अंगावर शाल लागते आणि दुपारी तीच शाल नकोशी होते, म्हणजे तुमच्या मतानं अगदी नेमकी वेळ. या वर्षी कात्री माझ्या हातात नव्हती. उजवा खांदा वर होत नाही. वेणी घालायला सूनबाई लागते, तर मांडवापर्यंत हात कुठून पोचणार? मी अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हुकूम सोडत होते आणि सूनबाई शिडीवर. "आई, ही कापू?" "थांब, ती न्हाय. तिच्या मागची." "ही का?" "तिच्या मागची गं." "आई, आता मागं भिंतच हाय." असं आमचं दुपारपर्यंत चाललं. मधेच ती म्हणाली, फोनवर बघितलंय, वेलीचा तिसरा हिस्सा काढायचा म्हणतात. म्हणलं, त्या फोनवाल्याला म्हणावं एकदा परंड्याला ये, इथलं ऊन डोक्यावर घे, मग हिस्सं पाड. हसता हसता शिडी हलायला लागली तेव्हा मीच गप्प बसले.

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुम्हाला पाहिलेलं माणूस या गल्लीत मोजकंच उरलंय. वेल मात्र तीच आहे. बाभळीच्या मेढी गेल्या, त्या जागी लोखंडी पाइप आले, घरावर स्लॅब पडला, न्हाणीला फरशी बसली. पण न्हाणीचं पाणी अजून तिच्याच बुडाशी जातं, कारण गवंड्याला मी दुसरीकडं उतार काढूच दिला नाही. बुडखा आता माझ्या मांडीएवढा झालाय. संध्याकाळी अजूनही पांढरं फूल उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, तिसऱ्या दिवशी लाल, आणि एकाच घोसात तिन्ही रंग लोंबतात. नवीन माणूस आलं की विचारतं, तीन वेली लावल्यात का. तुम्ही अशांना सांगायचात, "व्हय, तीन हायत्या, पन भांडत न्हाईत." आणि माझ्याकडं बघायचात.

मी सून होऊन तुमच्या घरात आले तेव्हा मला काहीच नीट यायचं नाही, हे तुम्ही गल्लीभर सांगितलं नाही हे तुमचे उपकार. माझं माहेर तुळजापूरच्या पलीकडचं, द्राक्षबागेचं. तिथं घरात माणसं चार, भाकरी तळहाताएवढी. तुमच्याकडं शेतावर गडी, भाकरी परातीएवढी पाहिजे. माझी भाकरी परातीतून तव्यावर जाताना मधेच मोडायची. एकदा ती अशीच मोडली आणि चुलीपुढं बसलेल्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय गं, माहेरी नुस्ती द्राक्षंच खात व्हतीस काय?" मला असा राग आला की तोंडातून निघून गेलं, "भाकरी न्हाय जमली तरी वेल छाटायला जमती मला. आमच्या बागंत दरसाल छाटते म्या." आणि तुम्ही, ज्या घरात मला एका शब्दाची सूट द्यायच्या नाहीत, त्या तुम्ही तव्यावरची नजर न काढता म्हणालात, "बागाईतदाराची लेक हाय ती. तुमच्यातल्या कुनाला कात्री धराया येती का सांगा." त्या दिवसापासून मी गल्लीत बागाईतदाराची लेक झाले. बायका कढीपत्त्याचं झाड कधी छाटायचं ते मला विचारायला लागल्या. मी सांगायची. काय सांगायची ते देवाला माहीत.

मग वन्संचं लग्न ठरलं. त्यांची सासू, म्हणजे तुमची विहीणबाई, बघायला आल्या तेव्हा मधुमालती नुकती फुलायला लागली होती. त्या मांडवाखाली बसल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, हळद हितंच लावायची, कापडाचा मांडव नको. तुम्ही लगेच शब्द दिलात. आमच्या दारात फुलाचा मांडव असेल, म्हणालात. मला आठवतं, त्या गेल्यावर तुम्ही मांडवाखाली उभ्या राहिलात आणि वेलीच्या खोडावरनं हात फिरवलात, जसा दुभत्या म्हशीच्या पाठीवरनं फिरवतात. तुम्ही त्या वेलीला कधी लोखंड लावू दिलं नव्हतं. फुलत्या वेलीला कापायचं नाही, ही तुमची रीत. म्हणून वर वाळलेल्या काड्यांचं जाळं झालं होतं, चिमण्यांची जुनी घरटी होती, आणि जुन्या पानांचे देठ वाळून त्यांचे काटे झाले होते. त्या काट्यांत माझा पदर रोज अडकायचा.

चैत्रात लग्नाची पहिली पत्रिका देवीपुढं ठेवायला तुम्ही, मामंजी आणि वन्सं तुळजापूरला गेलात. पुजाऱ्याकडं एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं येणार होता. हे शेतावर. घरात मी, शेळी आणि ती वेल. मला वाटलं, तुम्ही माघारी याल तेव्हा असं काहीतरी करून दाखवू की भाकरी सगळे विसरतील. आता आमच्याकडं द्राक्षाची एक छाटणी चैत्रात असते, खरड छाटणी म्हणतात तिला. नावाप्रमाणंच, वेल खरडून बोडकी करायची, काडीला फुटव्याचे एकदोन डोळे ठेवायचे, बाकी सगळं खाली. पाणी दिलं की महिन्याभरात मांडव हिरवागार. वेल म्हणजे वेल, असा माझा विचार. द्राक्षाच्या फुलाकडं कुणी बघत नाही हो आत्याबाई, सगळे घडाकडं बघतात. म्हणून या वेलीची फुलं नेमकी त्या कोवळ्या शेंड्यांवर येतात आणि मी तेच शेंडे कापतेय, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मामंजींचा कोयता घेतला, उखळावर चढले, आणि सकाळपासून दुपारपर्यंत असा हात चालवला की विचारू नका. गाणं म्हणत होते, तेही सांगते. फांद्या ओढून गोठ्यामागं टाकल्या, कोवळा पाला शेळीपुढं टाकला. ती बिचारी खूश.

उतरून मागं सरले आणि वर बघितलं. आमच्या बागेत रांगेनं शंभर वेली बोडक्या असतात, म्हणून त्या बोडक्या दिसत नाहीत. इथं एकच होती. अंगणात जिथं ऊन मी कधी पाहिलं नव्हतं तिथं शेणाच्या सारवणावर पांढरं ऊन पडलं होतं.

तेवढ्यात तुम्ही तिघं फाटकातनं आत येताय. कपाळावर मळवट, हातात प्रसादाची परडी. वन्संनी आधी बघितलं. "आई गं! मांडव कुटं गेला?" तुम्ही वर बघितलंत, मग खाली बघितलंत, मग माझ्याकडं. आणि मी, मला आजही पटत नाही पण हे माझ्याच तोंडातून निघालं, मी म्हणाले, "शेळीनं खाल्ली."

शेळी खुंट्याला उभी राहून शेवटचं पान चावत होती. मामंजी तोंड फिरवून पाय धुवायला गेले. त्यांची पाठ हलत होती. तुम्ही परडी ओट्यावर ठेवलीत, शांतपणे पुढं आलात, एक बुटका उरलेला फाटा खाली वाकवलात आणि कापलेल्या तोंडावरनं अंगठा फिरवलात.

"मांडवावर चढली व्हय?"

"व्हय."

"आन् कोयता कशात धरला तिनं? तोंडात का पायात?"

मी रडायला लागले. वन्संही रडायला लागल्या, पण त्यांचं रडणं वेगळं होतं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. एवढंच म्हणालात, "मुक्या जनावरावर आळ घातलास. लगीन हुईस्तवर त्या शेळीचं शेण, पानी, चारा समदं तूच बघायचं. आन् तिला तोंड दाखवायच्या आदी माफी मागायची." मी दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी शेळीची माफी मागायला लागले. तुम्ही चुलीपुढनं कान देऊन ऐकायचात. आवाज बारीक झाला की ओरडायचात, "ऐकाया आलं न्हाय तिला!"

पण त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मी कधी विसरले नाही. शब्द तुमचा गेला होता, विहिणीपुढं मान तुमची खाली जाणार होती, आणि तुम्ही अख्खं घर त्या वेलीच्या कामाला लावलंत. उन्हाळा, हौदात पाणी बेताचं. मामंजींची विहिरीवरची अंघोळ बंद झाली. घरच्या न्हाणीतच अंघोळ करायची, पाणी वेलीला गेलं पाहिजे. हे कुरकुरले तर त्यांना म्हणालात, "तुझी बायकू हाय म्हनून सांगते, दोनदा न्हा." आवतण द्यायला आलेल्या पाव्हण्यालासुद्धा आधी वेलीपाशी पाय धुवायला लावायचात. बाराव्या दिवशी पहिला कोंब दिसला, तांबूस, बाळाच्या नखाएवढा. वन्सं रोज कोंब मोजायच्या, मला सांगायच्या, तुम्हाला सांगायच्या नाहीत. लग्नाच्या आठवड्यात मांडवभर कोवळी पालवी होती. पण फूल एक नाही. कळी एक नाही. मी पानं उलटून उलटून बघायची.

आदल्या दिवशी बैलगाडीतनं वाजतगाजत मांडवडहाळे आले. जांभळाच्या, उंबराच्या, आंब्याच्या फांद्या. त्या वर टाकल्या आणि उघडा मांडव झाकला गेला. हळदीला विहीणबाई आल्या, वर बघितलं, आणि सगळ्या बायकांच्या देखत म्हणाल्या, "का हो, फुलाचा मांडव म्हनला व्हतासा न्हवं?" माझ्या हातात हळदीचं ताट. तुम्ही पदर खोचत पुढं आलात. "व्हय, म्हनले व्हते. आमची सून बागाईतदाराची लेक हाय. तिनं मुद्दाम मागं राखलाय बहर. तुमची सून आखाडात म्हायेरी यील तवा फुलंल. तुमी बी या संगं, बगाया." ताट माझ्या हातातनं सुटता सुटता राहिलं. पहिला शब्द मोडल्यावर माणूस दुसरा देत नाही. तुम्ही दिलात, आणि तोही माझ्या नावावर.

लग्न झालं, मांडवपरतणीला वन्सं येऊन गेल्या, वाळलेले डहाळे काढले, तर खाली माझी पालवी पिवळी पडून वाकडी झालेली. मला जेवण जाईना. तुम्ही फाटलेल्या लुगड्याच्या चिंध्या काढल्यात, आणि आपण दोघींनी एकेक शेंडा सरळ करून बांधला. तुम्ही शिकवलंत, गाठ मारताना मधे बोट घालायचं, बोट सुटलं पाहिजे, एवढी सैल. "वाढतं ते. आवळलं तर आपल्यालाच कापतं." त्या दिवशी आपण पहिल्यांदा कामाशिवायचं बोललो. तुम्ही सांगितलंत की ही वेल तुम्ही सासरी लावलेलं पहिलं झाड, आपल्या इकडच्या वाशीच्या बाजारातनं पदरात बांधून आणलेली एक काडी, आणि तुमच्या सासूबाई म्हणाल्या होत्या की फुलानं पोट भरत नाही. मी विचारलं, मग? म्हणालात, "मग काय, त्याच सासूबाई म्हातारपनी हिच्याच सावलीत बाज टाकून पडायच्या. न्हाय भरलं पोट, पन डोळा तर लागला."

मृग बरा झाला. ज्येष्ठ संपताना एके सकाळी तुम्ही अंगणातनं हाक मारलीत, "भाकरी ऱ्हाऊ दे. हिकडं ये." भाकरी राहू दे, हे तुमच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. बोट वर केलंत. शेंड्याला हिरव्या बारीक दातांसारख्या कळ्या, एका झुपक्यात वीस तरी. मग रोज नवा झुपका. जुनं वाळकं जाळं गेलेलं, प्रत्येक काडी नवी, आणि प्रत्येक नव्या काडीला घोस. वन्सं आखाडात आल्या तेव्हा मांडवाचं पान दिसत नव्हतं. विहीणबाई खरंच संगं आल्या. फाटकातच उभ्या राहिल्या, पिशवी हातात तशीच. मी वाट बघत होते की आता तुम्ही त्यांना काहीतरी सुनवणार. तुम्ही फक्त म्हणालात, "उभ्या का? बसा की खाली, फुलं पडतेत अंगावर, तेवढं झटकत बसा." आणि चहा करायला म्हणून आत आलात. चुलीपुढं बसलात आणि माझा हात धरून म्हणालात, "आगं, लई भ्याले व्हते म्या." मग हसायलाच लागलात. चहा उतू गेला. आपण दोघी तोंडात पदर कोंबून हसत होतो आणि बाहेरनं विहीणबाई विचारत होत्या, काय झालं.

त्या आठवड्यात तुम्ही बार्शीला गेलात, वन्संच्या लुगड्यासाठी. माघारी आल्यावर ज्वारीच्या डब्यावर खणात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलंत. उघडून बघितलं तर कात्री. लाल मुठीची, बागेची. मी तुमच्याकडं बघितलं तर तुम्ही तांदूळ निवडत होता. "माघात," म्हणालात. "थंडीत ती झोपलेली असती. झोपेत केस कापलं तर कळत न्हाय. त्याच्या आदी हात लावलास तर बग." फुलत्या वेलीला लोखंड न लावण्याची तुमची रीत तुम्ही मोडली नाहीत, वेल फुलत नसते तो महिना शोधून काढलात. त्यानंतर तुम्ही होता तोवर दर माघात आपण दोघी. तुम्ही खाली, मी वर. "ती न्हाय, तिच्या मागची." आता कळतंय की काल माझ्या तोंडून निघाला तो आवाज कुणाचा होता.

छाटणीचं जे मला येतं ते त्या वेलीनंच शिकवलं. चारपाच जाड फाटे ठेवायचे, आत वळलेली आणि वाळलेली काडी काढायची, बुडाचे फुटवे उपटून टाकायचे, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर कापायचं. चुकत चुकत शिकले. एका वर्षी घाबरून कमीच कापलं, तर पानंच पानं आली आणि फुलं वर गच्चीवर, शेजाऱ्यांना दिसायची, आपल्याला नाही. काकू म्हणायच्या, "मशागत तुमची, वास आमचा."

काल काम झाल्यावर सूनबाई खाली उतरली, घाम पुसला, पदराला लागलेले काटे काढत माझ्या खुर्चीजवळ बसली. पोरगी कामाची आहे, कापताना हात दाबत नाही. तिनं विचारलं, "आई, तुम्हाला हे सगळं शिकवलं कुणी?" तुमचं नाव घ्यायची इतकी चांगली वेळ होती. आणि मी म्हणाले, "माझ्या वडलांनी. आमच्या बागंत दरसाल छाटायची म्या." ती म्हणाली, "तरीच." मग रात्रभर नाही, पण आज सकाळपासून ते मनाला टोचतंय, म्हणून हा कागद घेतला. तो गॅसच्या पुस्तकात ठेवून देणार आहे. सिलिंडर आता फोनवरच येतो, त्या पुस्तकाला कुणी हात लावत नाही.

शेळीचं खोटं तुम्ही पकडलंत. त्याच्या आधीचं एक राहिलं. आमच्या बागेत कात्री गडीमाणसांच्या हातात असायची. आम्ही बायका खाली पडलेल्या काड्या गोळा करून बांधावर टाकायचो, बस. वडलांनी मला एक काडीसुद्धा कधी कापू दिली नाही, आत्याबाई. ज्या बागाईतदाराच्या लेकीवर तुम्ही भर हळदीत शब्द दिलात, तिनं तुमच्या मधुमालतीआधी जन्मात एकही वेल छाटली नव्हती.